टाकी मोठी, की हिशेब मोठा?

आपल्या व्यापारात गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे मोठे बदल झाले, त्यांत मालाच्या वाहतुकीचा बदल विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. पूर्वी पेठेतील माल हुंडेकऱ्यांच्या ट्रकांतून जात असे, आणि पेढीचा संबंध भाड्याच्या चिठ्ठीपुरताच येत असे. २००५ साली टाटांची 'एस' ही छोटी गाडी बाजारात आली. तिच्या मागोमाग दीड टनांच्या आसपास माल नेणाऱ्या पिकअप गाड्या पेठेत दिसू लागल्या, आणि पाहता पाहता कित्येक पेढ्या स्वतःच्या गाडीच्या धनी झाल्या. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु जो गाडीचा धनी होतो, त्यास गाडीविषयीच्या नव्या नव्या मोहांचाही धनी व्हावे लागते. त्यांपैकी एका मोहाविषयी आम्ही या वर्षीच्या स्मरणिकेत चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. तो मोह म्हणजे, कारखान्याने दिलेली इंधनाची टाकी काढून तिच्या जागी मोठी टाकी बसविणे, किंवा मूळच्या टाकीस दुसरी टाकी जोडणे.

विषय क्षुल्लक वाटेल. धान्याच्या व्यापाऱ्याने भाव, साठा आणि उधारी यांविषयी लिहावे; टाकीची चर्चा गॅरेजवाल्याने करावी, असेही कोणी म्हणेल. परंतु या एका टाकीत पैसा, कायदा, मालाची शुद्धता आणि माणसाचा जीव अशा चारही गोष्टी साठविलेल्या आहेत, असे आमचे मत झाले आहे. म्हणून हा प्रपंच.

प्रथम मोठ्या टाकीचा पुरस्कार करणाऱ्यांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. त्यांचे म्हणणे तीन प्रकारचे आहे. पहिले असे की, आपण सीमेवरची माणसे आहोत. १ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर सुरू झाला, तरी पेट्रोल व डिझेल त्याच्या बाहेर राहिले. त्यांवरचा कर प्रत्येक राज्य आपापल्या मर्जीने ठरविते. त्यामुळे कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा या तीन राज्यांत डिझेलचा दर एकसारखा नसतो. ज्या राज्यात दर कमी, तेथे मोठी टाकी भरून घ्यावी, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा वेळेचा. आमच्या पेढीवरील तरुण भागीदार आम्हांस म्हणतात, "अण्णा, पंपावरच्या रांगेत अर्धा तास जातो, त्याचे मोल खतावणीत कोणी धरतो का?" तिसरा मुद्दा टंचाईच्या भीतीचा. जानेवारी २०२४ च्या आरंभी ट्रकचालकांनी नव्या दंडसंहितेतील अपघातविषयक कलमाविरुद्ध संप पुकारला, तेव्हा अनेक शहरांत पंपांवर रांगा लागल्या व काही पंप कोरडे पडले. ज्याची टाकी मोठी, तो अशा वेळी निश्चिंत, असे ते म्हणतात.

हे तीनही मुद्दे वेडगळ नाहीत. परंतु व्यापाऱ्याने मुद्दा ऐकून मान डोलवावयाची नसते. पाटी-पेन्सिल घेऊन बसावयाचे असते.

दराच्या फरकाचा हिशेब पाहू. बेळगावहून चोर्ला घाटाने पणजी सव्वाशे किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. म्हणजे जाऊन येऊन अडीचशे. भरलेली पिकअप लिटरला १२ किलोमीटर जाते असे धरले, तर एका फेरीस २१ लिटर डिझेल पुरते. या वर्गातील मोठ्या गाड्यांची मूळची टाकी ५०-६० लिटरांची असते. तेव्हा ज्या राज्यात स्वस्त असेल तेथे टाकी भरून घेतली, की त्याच डिझेलात दोन फेऱ्या होतात. निपाणी, कोल्हापूर, हुबळी हे टप्पेही तसेच. मग मोठ्या टाकीने स्वस्त डिझेलाचा अधिक लाभ तो कोणता? जो लाभ घ्यावयाचा तो मूळच्या टाकीतच घेता येतो. फरकाचा मुद्दा येथेच संपतो.

बरे, पुणे किंवा हैदराबाद यांसारखी लांबची खेप धरू. समजा ६० लिटरांची जादा टाकी बसविली आणि दरात लिटरमागे ३ रुपयांचा फरक मिळाला, तर एका भरण्यास १८० रुपये वाचले. आता दुसरी बाजू मांडू. डिझेलचे वजन लिटरला साधारण ८३० ग्रॅम. म्हणजे ६० लिटरांचे ५० किलो. लोखंडी टाकी, तिचे पट्टे, कंस व नळ्या यांचे २०-२५ किलो धरा. एकूण झाले पाऊण क्विंटल. पन्नास किलोंच्या पोत्याच्या हिशेबाने हे दीड पोते होते. गाडीची वजनमर्यादा ठरलेली आहे. टाकी वाढली म्हणून ती वाढत नाही. तेव्हा प्रामाणिक माणसाने प्रत्येक खेपेस दीड पोते माल कमी भरावयास हवा, आणि त्या दीड पोत्याचे भाडे १८० रुपयांतून वजा करावयास हवे. शिवाय टाकीची किंमत, मजुरी आणि नव्वदच्या दराने टाकीत पडून राहणारे पाच हजारांहून अधिक रुपये यांचे व्याजही त्यात धरले पाहिजे. एवढे करून जी शिल्लक उरते, तिच्यासाठी कोणी समंजस व्यापारी पेढीवरून उठणार नाही.

पण प्रत्यक्षात दीड पोते कमी भरले जात नाही, हेच खरे दुखणे आहे. टाकीही मोठी आणि मालही पूर्वीइतकाच, असे घडते. आणि गाडी मर्यादेबाहेर जाते. सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे जादा वजनास मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये व वर दर टनास २ हजार रुपये असा दंड सांगितला आहे. शंभराहून अधिक खेपांची बचत एका वजनकाट्यावर जावी, असा हा सौदा आहे.

मालकाच्या दृष्टीने आणखी एक तोटा आहे. त्याची वाच्यता कमी होते. गाडीच्या इंधनाची तपासणी करण्याची सोपी रीत सर्वांस ठाऊक आहे: टाकी काठोकाठ भरावी, गाडी चालवावी, पुन्हा काठोकाठ भरावी, आणि किती लिटर बसले ते पाहावे. दोन टाक्या झाल्या, त्यांतील एकीस काटाच नसला, किंवा असलेला काटा नव्या टाकीच्या आकाराशी जुळत नसला, की ही रीत मोडते. ज्या साठ्याचे माप घेता येत नाही तो साठा गळतो, हे धान्याच्या वखारीत जसे खरे, तसे टाकीतही खरे. यात चालकावर संशय घेण्याचा प्रश्न नाही. माप नसले की प्रामाणिक माणसावरही बोट दाखविले जाते. हा अन्याय मालकाने निर्माण करू नये.

आता टाकी या वस्तूकडे वळू. टाकी म्हणजे पत्र्याचा डबा, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. डिझेल जसे खर्च होते तशी तितकीच हवा आत यावी लागते. उन्हात वाफ झाली तर ती बाहेर जावी लागते. आणि गाडी कलंडली तर त्याच वाटेने डिझेल मात्र बाहेर पडता कामा नये. यासाठी वायुमार्गास झडप असते. आत आडवे पडदे असतात. ते नसतील तर अर्धी भरलेली टाकी घाटाच्या प्रत्येक वळणावर हिंदकळते, आणि ते वजन एका बगलेस गाडी ओढते. पत्रा कोणता हेही महत्त्वाचे आहे. पाण्याच्या टाकीस आपण जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा उत्तम मानतो; डिझेलास तो वर्ज्य आहे, कारण जस्त व तांबे यांचा डिझेलशी संयोग होऊन साबणासारखा चिकट पदार्थ तयार होतो आणि तो गाळणी बंद करतो. अलीकडच्या डिझेल इंजिनांत इंधन हजार-दीड हजार वातावरणांच्या आणि त्याहूनही अधिक दाबाने बारीक छिद्रांतून फवारले जाते. १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज सहा'चे नियम लागू झाल्यापासून ही यंत्रणा अधिकच नाजूक झाली आहे. वेल्डिंगच्या तुसाचा किंवा गंजाचा एक कण तेथे पोहोचला, तर त्याची किंमत टाकीच्या किमतीहून अधिक होते. नाक्यावरचा कारागीर हाताचा कितीही कसबी असो; त्याजकडे या गोष्टी तपासून पाहण्याचे साधन नसते.

ज्या देशांत हा धंदा रुळला आहे, तेथे काय घडले हे पाहणे उद्बोधक होईल. अमेरिकेत पिकअप ही घरोघरची गाडी. तेथील जनरल मोटर्स कंपनीने १९७३ ते १९८७ या सालांच्या आपल्या मोठ्या पिकअप गाड्यांस इंधनाच्या टाक्या सांगाड्याच्या मुख्य दांड्यांच्या बाहेर, बगलेस बसविल्या. काही गाड्यांत दोन्ही बगलांच्या टाक्या मिळून ४० गॅलन, म्हणजे सुमारे दीडशे लिटर इंधन मावत असे. गाडी लांब जावी, हा त्यातील लाभ. परंतु बाजूने धडक बसली असता टाकी आणि धडकणारी गाडी यांच्या मध्ये पातळ पत्र्याखेरीज काही उरत नाही, अशी तक्रार उभी राहिली. अपघातांनंतर आगी लागून माणसे दगावली आणि वर्षानुवर्षे खटले चालले. ऑक्टोबर १९९४ मध्ये तेथील वाहतूक खात्याच्या मंत्र्यांनी ही रचना सदोष असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. कंपनीने तो मान्य केला नाही. डिसेंबर १९९४ मध्ये तडजोड होऊन कंपनीने सुरक्षिततेच्या कार्यक्रमांसाठी ५ कोटींहून अधिक डॉलर देण्याचे कबूल केले. १९८८ पासूनच्या नव्या नमुन्यात टाकी दांड्यांच्या आत घेतली गेली. हा इतिहास एका बलाढ्य कारखान्याचा आहे, ज्याच्याजवळ अभियंते होते आणि प्रयोगशाळा होत्या. त्यांच्या हातून टाकीची जागा वादग्रस्त ठरली. तेथे चार तासांत टाकी बसवून देणाऱ्या दुकानाचा भरवसा किती धरावा, याचा विचार सभासदांनीच करावा.

त्याच देशात व्यापारी वाहनांच्या बगलेस बसवावयाच्या टाकीविषयी नियम आहे की, ती पूर्ण वजनाने भरून ३० फूट उंचीवरून कठीण पृष्ठभागावर कोपऱ्याच्या बाजूने टाकली असता मिनिटास एक औंसाहून अधिक गळू नये. आणि नेहमीच्या रीतीने भरताना ती शेकडा ९५ हून अधिक भरू शकू नये, म्हणजे उष्णतेने फुगणाऱ्या इंधनास जागा राहील. आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या किती जादा टाक्या या कसोटीस उतरतील?

याउलट, मोठी टाकी जेथे खरोखर गरजेची आहे असाही मुलूख जगात आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कॅनिंग स्टॉक रूट हा सुमारे १,८५० किलोमीटरांचा वाळवंटी मार्ग. त्यावर इंधनाची सोय जवळजवळ नाहीच. तेथे जाणारा माणूस मोठी टाकी बसवितो, तो जीव वाचविण्यासाठी. परंतु बेळगाव-पणजी किंवा बेळगाव-पुणे या मार्गांवर दर काही किलोमीटरांवर पंप उभा आहे. वाळवंटाचे साधन पेठेच्या गाडीस लावणे म्हणजे अंगणातील विहीर सोडून पखाल खांद्यावर वाहणे होय.

आता कायद्याचा विचार. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनात फेरबदल करण्याविषयी आहे. नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असे त्यात म्हटले आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणेच लाविला. कोणी म्हणतील, टाकीचे लिटर नोंदणीपुस्तकात लिहिलेले नसतात. खरे आहे, पण रिकाम्या गाडीचे वजन लिहिलेले असते, आणि ते टाकीने बदलते. २०१९ च्या दुरुस्तीने परवानगीवाचून केलेल्या अशा प्रत्येक बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. दंड भरून सुटता येईल. परंतु विम्याचे काय? विमा कंपनीस न कळविता केलेला बदल अपघातानंतर उघडकीस आला, तर दावा अडण्यास तेवढे निमित्त पुरते. ज्या व्यापाऱ्याने आयुष्यभर कागद चोख ठेविले, त्याने गाडीच्या पोटाखाली एक अनोंदणीकृत वस्तू बाळगावी, हे शोभत नाही.

आमच्या धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट आम्हांस अधिक बोचते. पुष्कळ ठिकाणी जादा टाकी हौद्यातच, चालकाच्या खोलीमागे बसवितात. म्हणजे टाकी आणि धान्याची पोती शेजारी शेजारी. धान्य वास ओढून घेते, हे आपल्या घरातील मुलांसही ठाऊक आहे. मागे एका भाड्याच्या गाडीतून गेलेल्या आमच्या खेपेतील सात पोती म्हापशाहून परत आली. पोती ओली नव्हती, धान्यात कीड नव्हती. केवळ तळाशी डिझेलचा दर्प होता. घेणाऱ्याने परत केली ते योग्यच केले. ती पोती आम्ही कोणाच्याही खाण्यात जाऊ दिली नाहीत. नुकसान सात पोत्यांचे झाले. पण "तुमच्या मालास वास येतो" हा शब्द पुसून काढण्यास पुढील वर्ष लागले. पेढीचे नाव पिढ्यांनी मिळते, आणि ते एका थेंबाने डागाळते.

शेवटी चालकाची गोष्ट. आणि आमच्या मते तीच सर्वांत मोठी आहे. टाकी रिकामी होते तेव्हा गाडी थांबते, आणि गाडी थांबते तेव्हा माणूस खाली उतरतो, पाणी पितो, पाय मोकळे करतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. ती काही कागदाची शोभा नव्हती. माणसाचे डोळे किती वेळ रस्त्यावर टिकतात, याचा तो अनुभवसिद्ध हिशेब होता. मोठी टाकी बसविली की मालकाच्या मनात नकळत विचार येतो की, आता वाटेत थांबण्याचे कारण काय? एका चालकाने आम्हांस सांगितलेले शब्द आम्ही विसरलो नाही. तो म्हणाला, "मालक, टाकी भरली की आमचं पोट भरायला थांबायचं कारण उरत नाही बघा." पंपावरचा जो अर्धा तास आमच्या तरुण भागीदारांस वाया गेलेला वाटतो, तो बहुधा चालकाचा एकमेव हक्काचा अर्धा तास असतो. त्याचे मोल खतावणीत धरावयाचेच असेल, तर ते जमेच्या बाजूस धरावे.

मग टंचाईच्या भीतीवर उपाय काय? उपाय आहेत, आणि ते एकट्याने करावयाचे नसून संघाने करावयाचे आहेत. पेठेतील पेढ्यांच्या गाड्या मिळून एखाद्या पंपाशी बांधिलकी केली, तर वेळ ठरवून, रांगेवाचून डिझेल मिळू शकेल, आणि महिन्याचा एकत्र हिशेबही मिळेल. ठरलेल्या जागी डिझेल आणून देण्याची सोय तेल कंपन्यांनी सुरू केलेली आहे. इंडियन ऑइलने मार्च २०१८ मध्ये पुण्यापासून तिचा आरंभ केला. आपल्या वखारींसाठी ती किती उपयोगी पडेल, याची चौकशी कार्यकारिणीने अवश्य करावी. आणि दर खेपेस टाकी निम्म्यावर आली की भरावी, ही आपल्या वाडवडिलांची कणगीची रीत पाळली, तर दोन-चार दिवसांचा संप कोणासही अडवून धरणार नाही. ज्यांस खरोखर लांबच्या खेपा नित्य कराव्या लागतात, त्यांनी गाडी घेतानाच मोठ्या टाकीचा, कारखान्याचा, मान्यताप्राप्त नमुना घ्यावा. त्यास आमची कसलीच हरकत नाही. आमचा विरोध मोठ्या टाकीस नाही, तर न तपासलेल्या, न नोंदलेल्या आणि न मोजता येणाऱ्या टाकीस आहे.

आमची सभासद बंधूंस विनंती इतकीच की, ज्यांच्या गाड्यांस अशी टाकी आहे, त्यांनी येत्या हंगामाचा माल निघण्यापूर्वी गाडी अधिकृत कारखान्यात नेऊन तपासून घ्यावी. नोंदणी व विम्याच्या कागदांशी ती जुळते की नाही ते पाहावे. न जुळल्यास काढून टाकावी. आणि संघाने भाड्याच्या गाड्यांविषयी एक साधा नियम करावा: ज्या गाडीच्या हौद्यात इंधनाची टाकी असेल, त्या गाडीत संघाच्या कोणत्याही सभासदाने धान्य भरू नये. हा ठराव येत्या वार्षिक सभेत आम्ही मांडणार आहोत. त्यास विरोध करणाऱ्यांनी अवश्य यावे, आपली पाटी-पेन्सिल घेऊन यावे. हिशेब आमच्या विरुद्ध निघाला, तर ठराव मागे घेण्यास आम्हांस संकोच वाटणार नाही.